फॉर्म्युला वनचे हायब्रिड इंजिन नियमात आहे का, हे कसे तपासावे

गाडीचा मागचा पंख ठरल्यापेक्षा दोन मिलिमीटर रुंद असेल तर तो मोजपट्टी लावून पकडता येतो. इंधन आणि वीज या दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिड इंजिनाच्या बाबतीत ही सोय नाही. इंजिन पूर्ण उघडून टेबलावर मांडले तरी त्यात आक्षेपार्ह असे काही सापडेलच याची खात्री नसते, कारण इथला नियमभंग बहुधा वाहत्या इंधनात आणि वाहत्या विजेत घडतो आणि गाडी पिटमध्ये परत येईपर्यंत तो घडून गेलेला असतो. त्यामुळे तपासणीचे खरे काम म्हणजे ऊर्जा जिथून जिथून जाते त्या प्रत्येक ठिकाणी विश्वासार्ह मोजमाप उभे करणे आणि ती मोजमापे एकमेकांशी ताडून पाहणे. तांत्रिक तपासणीच्या कामाकडे वळू इच्छिणाऱ्यांना आणि स्ट्युअर्डांचे, म्हणजे शर्यतीतील पंचांचे, निर्णय बारकाईने वाचणाऱ्यांना उपयोगी पडावा, अशा रीतीने हा क्रम पुढे मांडला आहे.

पहिली पायरी : कोणता नियम, कोणत्या आवृत्तीतला, हे ठरवणे

एफआयए ही मोटार शर्यतींची जागतिक नियामक संस्था एकाच हंगामासाठी तांत्रिक नियमावलीच्या अनेक आवृत्त्या प्रसिद्ध करते, म्हणून शर्यतीच्या दिवशी लागू असलेली आवृत्ती समोर ठेवल्याशिवाय एकही आकडा तपासू नये. हायब्रिड काळाचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. २०१४ ते २०२५ या काळात १.६ लिटरचे व्ही-६ टर्बो इंजिन, मिनिटाला कमाल १५,००० फेरे, इंधनाचा कमाल प्रवाह ताशी १०० किलो, चाकांना बळ देणाऱ्या एमजीयू-के या विद्युत यंत्राची कमाल शक्ती १२० किलोवॅट, बॅटरीतून एमजीयू-केकडे दर फेरीला जास्तीत जास्त ४ मेगाज्यूल आणि उलट दिशेने २ मेगाज्यूल, अशी चौकट होती. टर्बोला जोडलेल्या एमजीयू-एच या यंत्राच्या ऊर्जेवर मात्र मर्यादा नव्हती. २०२६ पासून एमजीयू-एच गेले, एमजीयू-केची मर्यादा ३५० किलोवॅटवर पोहोचली, सिलिंडरमधील संपीडन गुणोत्तराची (आतले मिश्रण किती पट दाबले जाते याची) मर्यादा १८ वरून १६ वर आली आणि इंधनाचा प्रवाह वजनाऐवजी ऊर्जेत, म्हणजे ताशी ३,००० मेगाज्यूल असा बांधला गेला.

नियमावलीबरोबरच तांत्रिक निर्देशांची फाईल जवळ हवी. निर्देश हा नियम नव्हे. एखाद्या नियमाचा अर्थ एफआयएचा तांत्रिक विभाग कसा लावतो, एवढेच तो सांगतो. तरीही त्याकडे दुर्लक्ष करणे संघांना किती महागात पडू शकते, हे पुढे येईलच.

दुसरी पायरी : ऊर्जेचा नकाशा काढणे

कागदावर टाकी, इंजिन, टर्बो, बॅटरी आणि विद्युत यंत्रे (२०२५ पर्यंत दोन, त्यानंतर फक्त एमजीयू-के) यांच्या चौकटी काढाव्यात आणि ऊर्जा ज्या ज्या दिशेने जाऊ शकते तिथे बाण ओढावेत. प्रत्येक बाणावर तीन गोष्टी लिहाव्यात : मर्यादा किती, ती कोणत्या सेन्सरने मोजली जाते आणि तो सेन्सर नेमका कुठे बसवला आहे. नियमावलीच्या परिशिष्टात असा नकाशा दिलेला असतो, पण तो नियमाला अपेक्षित असलेला नकाशा असतो. प्रत्यक्ष गाडीतला नकाशा संघाच्या आराखड्यांवरून स्वतः काढावा लागतो. दोघांतला फरक हीच तपासणीची सुरुवात. ज्या बाणावर मर्यादा आहे पण सेन्सर नाही, किंवा सेन्सर आहे पण त्याला वळसा घालणारा दुसरा मार्ग आहे, तिथे लाल खूण करावी.

तिसरी पायरी : इंधनाचा प्रवाह

सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा, कारण सर्वाधिक फायदा इथेच दडलेला असतो. २०२५ पर्यंतच्या मर्यादेतले ताशी १०० किलो म्हणजे सेकंदाला सुमारे २८ ग्रॅम. एक किलो इंधनात सुमारे ४३ मेगाज्यूल ऊर्जा धरली तर ज्वलनातून जवळजवळ १,२०० किलोवॅट उष्णता निर्माण होते. या इंजिनांची कार्यक्षमता पन्नास टक्क्यांच्या आसपास असते. मर्सिडीजने चाचणीगृहात हा टप्पा ओलांडल्याचे २०१७ मध्येच जाहीर केले होते. म्हणजे प्रवाह केवळ एक टक्क्याने वाढला तरी सुमारे सहा किलोवॅट, अर्थात आठ अश्वशक्ती, जास्तीची मिळते. एवढी वाढ मिळवण्यासाठी एरवी कारखान्यात महिनोन्‌महिने खपावे लागते, हे लक्षात घेतले की या मापकाभोवती एवढे राजकारण का होते ते उमजते.

प्रवाह मोजण्यासाठी श्राव्यातीत (अल्ट्रासॉनिक) ध्वनिलहरींवर चालणारा, एफआयएने प्रमाणित केलेला मापक वापरतात. तपासताना प्रथम त्या मापकाचे अंशशोधनाचे (कॅलिब्रेशनचे) प्रमाणपत्र, त्याचा क्रमांक आणि त्याला लावलेली दुरुस्ती तपासावी. नंतर इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांची नोंद शेजारी ठेवावी, कारण २०२५ पर्यंतच्या नियमांत १०,५०० फेऱ्यांच्या खाली मर्यादा १०० किलोची राहत नसे. ती फेऱ्यांच्या संख्येला ०.००९ ने गुणून त्यात ५.५ मिळवल्यावर येई. ८,००० फेऱ्यांना ताशी ७७.५ किलो हीच कमाल, त्यामुळे नुसता शंभरचा आकडा पाहणारा तपासनीस कमी फेऱ्यांवरचा नियमभंग सहज सोडून देईल. २०२६ च्या नियमांत आणखी एक कडी वाढली आहे : मापक वजनाचा प्रवाह देतो आणि मर्यादा ऊर्जेची आहे, तेव्हा त्या इंधनाच्या किलोमागे किती ऊर्जा आहे हा प्रयोगशाळेतून प्रमाणित झालेला आकडा हाताशी नसेल तर पडताळणीच होऊ शकत नाही.

मापक आणि संघाचे गणित यांत फरक पडला तर कोणाचे खरे मानायचे? हा प्रश्न हायब्रिड काळाच्या पहिल्याच शर्यतीत, मार्च २०१४ मध्ये मेलबर्नला उभा राहिला. रेड बुल संघाचा डॅनियल रिकार्डो दुसरा आला, पण प्रवाहाची मर्यादा सातत्याने ओलांडल्यामुळे त्याला बाद ठरवण्यात आले. मापक भरवशाचा नाही आणि इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या भागाच्या) आकडेवारीवरून काढलेला आपला प्रवाह मर्यादेतच आहे, असे रेड बुलचे म्हणणे होते. मापकाला दुरुस्ती लावून प्रवाह कमी करण्याची एफआयएची सूचना संघाने मानली नव्हती. तांत्रिक निर्देश हा नियम नसल्याचा युक्तिवादही झाला. एप्रिलमध्ये पॅरिस येथील अपील न्यायालयाने अपील फेटाळले. यातून तपासनिसाने घ्यायचा धडा स्पष्ट आहे : प्रमाणित मापकाचा आकडा हाच अधिकृत आकडा, आणि मापक बिघडल्यास पर्यायी पद्धतीकडे वळण्याचा निर्णय संघाचा नसून एफआयएचा असतो. मात्र त्यासाठी पर्यायी पद्धत आधीच लेखी ठरलेली असली पाहिजे.

दुसरा प्रश्न अधिक बारीक आहे. मापक सलग पाहत नाही. ठरावीक अंतराने नमुने घेतो आणि दोन नमुन्यांच्या मधल्या क्षणी काय घडले ते त्याला दिसत नाही. नमुन्यांची वेळ बाहेरून ओळखता आली आणि इंधनाच्या प्रवाहातील स्पंदने त्याच तालावर बसवता आली, तर प्रत्येक नमुन्याच्या क्षणी प्रवाह मर्यादेत आणि मधल्या वेळेत त्याहून जास्त, अशी स्थिती तत्त्वतः निर्माण होऊ शकते. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्टिनच्या शर्यतीच्या सुमारास रेड बुलने मापकाच्या संकेतांत ढवळाढवळ करण्याच्या काही शक्यता मांडून एफआयएकडे खुलासा मागितला आणि असे काहीही बेकायदा ठरेल, असा निर्देश निघाला. २०२० पासून गाडीत दुसरा मापक आला, ज्याची आकडेवारी सांकेतिक स्वरूपात थेट एफआयएकडे जाऊ लागली. दोन मापक असताना फसवणूक अशक्य होते असे नाही. पण ज्याची वेळ आणि आकडे दोन्ही संघाला दिसत नाहीत, त्याच्याशी ताल जुळवणे फार अवघड होते.

तिसरी पडताळणी सर्वांत जुनी आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे, ती वजनाची. शर्यतीआधी टाकीत किती इंधन होते, शेवटी किती उरले आणि मापकाने दरम्यान एकूण किती मोजले, या तिन्ही आकड्यांचा मेळ बसलाच पाहिजे. म्हणूनच शर्यतीआधी संघाने जाहीर केलेले इंधनाचे वजन खरे असणे महत्त्वाचे ठरते. अबू धाबीला २०१९ मध्ये शार्ल लक्लेर्कच्या फेरारीत जाहीर केलेल्या आणि प्रत्यक्ष मोजलेल्या इंधनात ४.८८ किलोचा फरक आढळला आणि संघाला ५०,००० युरोंचा दंड झाला. लक्लेर्कचे तिसरे स्थान मात्र कायम राहिले. एकूण इंधन आणि क्षणिक प्रवाह ही दोन वेगळी बंधने आहेत, हेही विसरू नये. २०१८ च्या ऑस्टिन शर्यतीत एस्तेबान ओकाँ पहिल्या फेरीतील प्रवाहामुळे बाद झाला आणि केव्हिन मॅग्नुसन शर्यतीसाठीच्या १०५ किलोंच्या तत्कालीन मर्यादेपेक्षा जास्त इंधन वापरल्यामुळे.

वजनाच्या पडताळणीची मर्यादाही ओळखून असावे. शर्यतीतील सुरुवातीचे क्रम ठरवणाऱ्या पात्रता फेरीत गाडी मिनिटभर ताशी १०० किलोंच्या पूर्ण प्रवाहावर चालली असे धरले तर सुमारे १.७ किलो इंधन जळते. त्यात दोन टक्क्यांची चोरी झाली तर ती भरते जेमतेम ३३ ग्रॅम. टाकीत, नळ्यांत आणि पंपात थोडेफार इंधन अडकून राहतेच, त्या गोंधळात ३३ ग्रॅम दिसणार नाहीत. शर्यतीत हाच दोन टक्क्यांचा फरक साठत जाऊन दीड-दोन किलोंवर जातो आणि उघडा पडतो. म्हणून शनिवारी पात्रता फेरीत दिसणारी आणि रविवारी शर्यतीत नाहीशी होणारी शक्ती हे मापकाकडे, दुसऱ्या मापकाच्या नोंदीकडे आणि पुढच्या पायरीकडे वळण्याचे कारण समजावे.

चौथी पायरी : इंधनाशिवाय काय जळते आहे

प्रवाहमापकातून न जाता ज्वलनकक्षात पोहोचणारी कोणतीही ज्वलनशील वस्तू म्हणजे फुकटची शक्ती. वंगण तेल हे त्याचे उघड उदाहरण. तेल थोडे जळणारच, म्हणून त्यावर पूर्ण बंदी घालता येत नाही. मर्यादा घालता येते. ती २०१८ मध्ये १०० किलोमीटरला ०.६ लिटर होती आणि २०२० मध्ये ०.३ वर आणली गेली. तेलाच्या टाकीतील पातळी, तेलाचा नमुना आणि क्रँककेसमधील (इंजिनाच्या तळाच्या पेटीतील) वाफ इंजिनाच्या हवेच्या मार्गात कुठे सोडली जाते, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात. इंटरकूलरमधील (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागातील) द्रवही याच नजरेने तपासावा.

इंधनाचा नमुना घेताना दयामाया नको. शर्यतीनंतर गाडीतून एक लिटर इंधन निघालेच पाहिजे, कारण त्याचा रासायनिक आलेख आधी मंजूर झालेल्या नमुन्याशी जुळवायचा असतो. हंगेरीत २०२१ मध्ये सेबास्टियन फेटेलच्या ॲस्टन मार्टिनमधून ०.३ लिटरच निघाले आणि त्याचे दुसरे स्थान गेले. इंधन यंत्रणेतील बिघाड पुढे करून संघाने फेरविचार मागितला, पण इंधन का कमी पडले हा प्रश्नच गैरलागू ठरला. नियमात कारणाला जागा नसेल तर तपासनिसानेही अहवालात कारणांची चर्चा करू नये.

पाचवी पायरी : वीज

विजेची मोजणी इंधनापेक्षा अचूक होते, पण मोजण्याची जागा चुकली तर ती अचूकता निरुपयोगी ठरते. घरात येणारी तार मीटरच्या आधीच फोडून घेतली तर मीटर कितीही उत्तम असला तरी काय उपयोग, तसेच हे आहे. २०१८ मध्ये फेरारीची बॅटरी व्यवहारतः दोन भागांत विभागलेली असल्याने तिच्यातून बाहेर पडणारी ऊर्जा नेहमीच्या देखरेखीत पूर्णपणे दिसते का, असा प्रश्न बाकूच्या शर्यतीच्या सुमारास उपस्थित झाला. मोनॅकोत जादा देखरेख बसवल्यानंतर एफआयएचे शर्यत संचालक चार्ली व्हायटिंग यांनी एफआयएचे समाधान झाल्याचे सांगितले. इथे कार्यपद्धती लक्षात ठेवण्यासारखी आहे : आरोप सिद्ध करण्याची घाई न करता आधी मोजणीतील आंधळी जागा बंद केली गेली.

तपासताना बॅटरीच्या टोकांवरचा व्होल्टेज आणि विद्युतप्रवाह यांच्या गुणाकारातून क्षणाक्षणाची शक्ती काढावी आणि ती फेरीभर बेरीज करून ऊर्जेच्या मर्यादेशी ताडावी. ४ मेगाज्यूल म्हणजे १२० किलोवॅटने सुमारे ३३ सेकंद; एखादी गाडी बॅटरीच्या ऊर्जेवर याहून बराच जास्त वेळ पूर्ण शक्ती देताना दिसली, तर उरलेली ऊर्जा एमजीयू-एचकडून थेट आली का, हे पाहावे. तसे असेल तर २०२५ पर्यंतच्या नियमांत ते पूर्णपणे वैध होते. नवख्या निरीक्षकांच्या हाती लागलेले बरेचसे ‘पुरावे’ याच ठिकाणी विरघळून जातात. त्याच वेळी बॅटरीतील साठ्याची गाडी ट्रॅकवर असतानाची कमाल आणि किमान पातळी यांत ४ मेगाज्यूलपेक्षा जास्त अंतर पडलेले नाही ना, हेही पाहून घ्यावे.

आणखी एक बारकावा आहे. जुन्या नियमांत १२० किलोवॅटची पडताळणी एकदिश (डीसी) विजेच्या मोजमापावरून होत असे आणि त्यासाठी ०.९५ ही ठरावीक कार्यक्षमता धरली जात असे. म्हणजे यंत्राकडे सुमारे १२६ किलोवॅट वीज जाऊ देण्यास मुभा होती. ज्याने यंत्राची कार्यक्षमता ९७ टक्क्यांवर नेली त्याला यंत्राच्या फिरत्या दांड्यावर (शाफ्टवर) १२२ किलोवॅटपेक्षा किंचित जास्त शक्ती मिळणार, आणि ती मिळवण्यात गैर काही नाही, कारण नियमाने मोजण्याची रीतच तशी ठरवली आहे. दांड्यावरच्या टॉर्क सेन्सरचा (फिरवणारे बल मोजणाऱ्या साधनाचा) आकडा पाहून ‘मर्यादा ओलांडली’ असे लिहिणारा अहवाल पहिल्याच सुनावणीत कोसळेल. टॉर्क सेन्सरचा उपयोग वेगळा आहे : विजेच्या हिशेबाने जेवढी शक्ती संभवते तिच्याहून स्पष्टपणे जास्त शक्ती चाकांकडे जात असेल, तर कुठेतरी न मोजलेला मार्ग आहे, हे तो सांगतो.

२०२६ च्या मूळ नियमरचनेत विजेची मर्यादा वेगाशीही बांधलेली आहे. नेहमीच्या वापरात ३५० किलोवॅट ताशी २९० किलोमीटरपर्यंतच मिळतात. त्यापुढे दर किलोमीटरला ५ किलोवॅट कमी होत ३४० ला १०० किलोवॅट उरतात आणि ३४५ ला शून्य. त्यामुळे वेगाचा सेन्सर हाही आता इंजिनाच्या वैधतेचा सेन्सर झाला आहे आणि त्याची पडताळणी उपग्रहावर आधारित वेगाशी करावी लागते.

जाता जाता नोंदवावे, की ल मांची २४ तासांची शर्यत आणि जागतिक सहनशक्ती मालिका यांतील हायपरकार गटाने वेगळी वाट धरली आहे. तिथे चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांवर टॉर्क सेन्सर बसवून एकूण शक्तीच मोजतात. ती इंधनातून आली की बॅटरीतून, याची फिकीर तुलनेने कमी. पोलिसी काम यामुळे बरेच सोपे होते, पण थोड्या इंधनातून जास्त शक्ती काढण्याची स्पर्धा मंदावते. फॉर्म्युला वनला ती स्पर्धा हवी आहे, म्हणून तिथे तपासणी गुंतागुंतीची राहणारच.

सहावी पायरी : सॉफ्टवेअर, सील आणि मोजण्याची परिस्थिती

सर्व गाड्यांत एकाच पुरवठादाराचे, पूर्वी मॅक्लारेन अप्लाइड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचे, मध्यवर्ती नियंत्रण यंत्र असते, त्यामुळे नोंदींचे स्वरूप सारखे राहते. संघाने भरलेले सॉफ्टवेअर मंजूर आवृत्तीशी जुळते का, एवढे पाहून थांबू नये. चालक कोणत्या स्थितीत इंजिन चालवतो तेही पाहावे. २०२० मध्ये मोंझाच्या शर्यतीपासून पात्रता फेरी आणि मुख्य शर्यत यांसाठी इंजिनाची एकच स्थिती ठेवण्याचे बंधन आले. पात्रतेपुरती जास्त शक्ती काढण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला आणि तपासनिसांना एका स्थितीचाच अभ्यास पुरेसा होऊ लागला.

सुट्या भागांसाठी सील आणि मंजूर आराखड्यांचा संच ही दोन साधने आहेत. त्यांचे काम सरळ आहे. अडचण येते ती मोजण्याची परिस्थिती नियमात अपुरी लिहिली गेल्यावर. २०२६ च्या संपीडन गुणोत्तराचे तसेच झाले. मर्यादा १६ ची, मापन सुरुवातीच्या नियमानुसार सभोवतालच्या तापमानाला. पण तापलेल्या इंजिनात धातू प्रसरण पावतो आणि त्याचा उपयोग करून धावताना हे गुणोत्तर वाढवता येते का, यावर हंगाम सुरू होण्याआधीच उत्पादकांमध्ये वाद पेटला. थंड इंजिनावर घेतलेल्या मापाला बांधील राहणे आणि गाडीने सदासर्वकाळ नियमात असणे या दोन तत्त्वांची इथे टक्कर होते. प्रत्येक मर्यादेपुढे तापमान, दाब आणि साधन लिहिलेले आहे का, हे तपासनिसाने हंगामाआधीच पाहून शंका लेखी कळवाव्यात.

सातवी पायरी : संशयापासून प्रकरणापर्यंत

प्रतिस्पर्धी संघ उपग्रहावर आधारित वेगाच्या नोंदींवरून एकमेकांच्या शक्तीचा अंदाज काढतात. गाडीचे वजन आणि त्वरण माहीत असेल, हवेचा रोध अंदाजता आला, तर शक्ती काढता येते. पण पुढच्या गाडीच्या मागे मिळणारी ओढ, पंखांची मांडणी आणि वारा यांमुळे हा अंदाज डळमळीत राहतो. त्यावरून कुठे शोधायचे ते कळते, निवाडा होऊ शकत नाही. संशय आला की तीन मार्ग असतात : प्रतिस्पर्ध्याने खुलासा मागणे, एफआयएने स्वतः भाग ताब्यात घेणे, किंवा तात्पुरता निकाल प्रसिद्ध झाल्यापासून तीस मिनिटांत औपचारिक हरकत दाखल करणे. खुलाशाचा मार्ग सर्वांत सौम्य दिसतो आणि बहुधा सर्वांत परिणामकारक ठरतो, कारण कोणाचेही नाव न घेता निर्देश निघतो आणि जो कोणी तसे करत असेल तो निमूटपणे थांबतो.

भाग ताब्यात घेतले म्हणजे प्रकरण जिंकले असे मात्र नाही. आपली गाडी नियमात आहे हे पटवून देण्याची जबाबदारी नियमाने संघावर टाकली आहे, तरी प्रत्यक्ष शिक्षा देताना पुराव्याचे ओझे एफआयएकडेच सरकते. ब्राझीलच्या शर्यतीनंतर २०१९ मध्ये फेरारीच्या इंधन यंत्रणेचे भाग तपासणीसाठी नेले गेले. २८ फेब्रुवारी २०२० रोजी एफआयएने फेरारीशी तडजोड झाल्याचे जाहीर केले आणि तपशील गोपनीय ठेवला. ४ मार्चला फेरारीचे इंजिन न वापरणाऱ्या सात संघांनी जाहीर निषेध केला. दुसऱ्या दिवशीच्या उत्तरात एफआयएने सांगितले, की फेरारीचे इंजिन सदैव नियमातच चालवले जात होते याबाबत आपले पूर्ण समाधान झालेले नव्हते, पण विषयाची गुंतागुंत आणि निःसंदिग्ध पुरावा देण्यातील अडचण पाहता पुढील कारवाई निष्कर्षापर्यंत जाईलच असे नव्हते. नेमके काय सापडले हे आजही सार्वजनिक नाही, म्हणून फेरारीने अमुक युक्ती केली असे ठामपणे लिहिणाऱ्या मजकुराकडे सावधपणे पाहावे. गोपनीयता मला पटत नाही. पण न्यायालयात न टिकणारा आरोप लावून हरण्यापेक्षा दुसरा मापक बसवून घेणे तपासणीच्या दृष्टीने अधिक उपयोगाचे होते, हे मान्य करावे लागते.

शेवटचे काम निर्देशाचा मसुदा लिहिण्याचे. त्यात काय बेकायदा आहे याबरोबर ते कोणत्या तारखेपासून लागू होईल आणि आधीच गाडीत उतरलेल्या इंजिनांना लागू होईल की नाही, हे स्पष्ट असावे. २०१७ मध्ये तेलाची मर्यादा १०० किलोमीटरला १.२ लिटरवरून ०.९ वर आणताना मोंझाची शर्यत ही सीमारेषा धरली गेली आणि त्याआधी वापरात आलेल्या इंजिनांना जुनी मर्यादा राहिली; मर्सिडीजने आपले नवे इंजिन आदल्याच शर्यतीत, स्पा येथे, उतरवले होते.